साल्किन आणि चक्क्याचं पाणी

रोज सकाळी सहाला साल्किन लोणच्याच्या तीन लिटरच्या बरणीत टाकीतलं तपकिरी पाणी भरायची, बरणी सावलीत बाकावर ठेवायची आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून राहायची. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वरचं पाणी नितळ झालं, की गावाचं पोट ठीक आहे असं समजायचं आणि चहाला जायचं. सहा वर्षं हा नेम चुकला नव्हता. बर्फ पडो, वारा सुटो, घरात लग्न असो. नवरा शामशी म्हणायचा, "एवढं टक लावून तू माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतंस."

"तू कुठे तळाला बसत होतास?" ती म्हणायची.

त्या जुलैत गाळ बसेनासा झाला. पिंजलेल्या लोकरीसारखा फुगून बरणीच्या तोंडापर्यंत तरंगत राहायचा. टाकीवर पांढुरका फेस धरायला लागला. नदीत सोडायचं पाणी गढूळ झालं. जिल्ह्याच्या कचेरीतली बाई येऊन नमुना घेऊन गेली, तो नापास झाला. पंधरा दिवसांनी दुसरा घेतला, तोही नापास. तिसरा नमुना वीस ऑगस्टला घ्यायचा होता. तोही गेला तर प्लांटला कुलूप, आणि नवा मंजूर होईपर्यंत कामिश्तू गावाचं सगळं सांडपाणी जुन्या पाइपने थेट नदीत. घाण नीट साफ होत नाही म्हणून ती अजिबात साफ करायची नाही, हा सरकारी न्याय. आणि आमच्याकडे 'मंजूर होईपर्यंत' म्हणजे किती वर्षं, हे ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना विचारावं.

साल्किनचे झाले होते. तिने हे एकदा बघितलं होतं. रशियनांच्या काळातला जुना प्लांट चौऱ्याण्णव साली बंद पडला. दुधाची डेअरीही त्याच वर्षी बंद पडली. साल्किन फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, शिकून आलेली, डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची आंबटाई मोजायची. नोकरी गेली म्हणून तिने कपाळाला हात लावला, पण प्लांट गेल्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. "वाहत्या पाण्याला विटाळ नसतो," म्हातारे म्हणाले, आणि घाण नदीत सोडून दिली. नदी खाली चार कोसांवर एतेक गावात जाते. तिथे नळ नाहीत, लोक नदीचंच पाणी भरतात. दोन वर्षांनी एतेकमध्ये विषमज्वर आला. साल्किनची धाकटी बहीण सेयिल तिथे दिलेली. तिचा सात वर्षांचा मुलगा त्यात गेला. सेयिलने तिला कधी बोल लावला नाही. मयतीला आलेल्या आपल्या एजेला, थोरल्या बहिणीला, मिठी मारून ती एवढंच म्हणाली होती, "एजे, पाणी तुमच्याकडूनच येतं ना."

त्यानंतर साल्किन सतरा वर्षं शेतावर राबली, मुलं वाढवली. आणि दोन हजार तेरा साली परदेशी मदतीतून नवा प्लांट झाला, घरोघरी पाइप आले, तेव्हा तो चालवायला गावात एक माणूस पुढे येईना. घाणीची नोकरी कोण करणार? साल्किन हात वर करून उभी राहिली. सभेत हशा पिकला. ती बसली नाही.

टाकी तिला लगेच समजली. त्यात हवा सोडायची, कारण त्यात जीव असतात. ते घाण खातात, वाढतात, एकमेकांना धरून खाली बसतात. म्हणजे हे विरजणच, फक्त दुधाऐवजी दुसरंच काहीतरी. विरजण बिघडलं तर काय होतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर त्या जुलैत तिने हवा सोडणारा ब्लोअर तपासला. ठीक होता. हवेच्या नळ्या उपसून काढून घासल्या. कोणी रॉकेल, कोणी रंग ओततंय का म्हणून दुकानं पालथी घातली. काही नाही. बहिणीला दोनदा फोन करून बजावलं, "नदीचं पाणी तोंडाला लावू नकोस. वरच्या झऱ्यावरून आण. नातवंडांनाही सांग." सेयिल म्हणाली, "बरं."

मग एक ऑगस्टला, सकाळी दहाच्या सुमाराला, टाकीच्या कठड्यावर वाकलेली असताना साल्किनच्या नाकात एक वास गेला. घाणीचा नव्हे, तो तिला आता येतच नव्हता. हा आंबूस, थंड, ओळखीचा वास. पंचवीस वर्षं झाली होती, पण डेअरीच्या फरशीचा वास माणूस विसरत नाही. तिने पाणी येणाऱ्या तोंडापाशी आंबटाई दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

"दही!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला आजूबाजूला कावळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

कारण सरळ होतं. दोन वर्षांपासून बिश्केकचा एक व्यापारी गावातलं कुरुत उचलत होता, आणि या उन्हाळ्यात त्याने मागणी दुप्पट केली होती. चाळीस घरांत बायका दही कापडी पिशव्यांत बांधून टांगत होत्या, चक्का करत होत्या, मीठ घालून गोळे वळून उन्हात वाळवत होत्या. चक्का होतो तेव्हा पिशवीतून पाणी गळतं, बादल्याच्या बादल्या. पूर्वी घरी लागेल एवढंच कुरुत व्हायचं, पाणी बहुतेक वासरंच पिऊन टाकायची. आता गावात तेवढी वासरं नव्हती.

कुरुतवाल्या बायकांची पुढारीण म्हणजे उमसुनाय आपा. वय शहात्तर, कमरेत वाकलेली, हातात काठी, आणि तिच्या हातचं कुरुत डोळे मिटून ओळखावं असं. तिच्या अंगणात ओळीने पिशव्या लोंबत होत्या, खाली बादल्या, आणि दोन सुना गोळे वळत होत्या.

"ये साल्किन, बस," आपा म्हणाली. "जरा लांब बस."

सुना फिदीफिदी हसल्या. साल्किन जवळच बसली.

"ताकाला येऊन भांडं लपवत नाही, आपा. सरळ सांगते. तुमच्या बादल्यांतलं हे पाणी सिंकमध्ये जातं. ते माझी टाकी मारतंय."

"काय मारतंय?"

"टाकीतले जीव. आंबटाने गुदमरतात. एक बादली याची आणि शंभर बादल्या घरातल्या पाण्याच्या, टाकीला भार सारखाच."

आपा सुनांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का गं? माझं पांढरं हिच्या गुवाला बाटवतंय!"

यावर जो हशा उठला तो पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला असेल. साल्किनलाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. दूध, दही, ताक, या सगळ्याला आमच्याकडे 'पांढरं' म्हणतात, आणि पांढऱ्याशिवाय पवित्र दुसरं काही नाही. ते सांडलं तर त्यावर पाय पडू द्यायचा नाही, पडला तर बोट बुडवून कपाळाला लावायचं. ते घाण खराब करतंय म्हणणाऱ्या बाईचं डोकं फिरलंय असंच कोणालाही वाटणार.

ती उठून सरपंच जेनिशबेककडे गेली. तो आपाचा भाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कानावर हात ठेवले.

"एजे, सगळ्या गावात हेच एक उत्पन्न चाललंय. आणि म्हाताऱ्यांना मी सिंक बंद करा सांगू? पुढच्या निवडणुकीत त्या मलाच सिंकमधून सोडतील."

"वीस तारखेला कुलूप लागेल."

"मी सूचना लावतो," तो म्हणाला, आणि खरंच दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवला. पालथ्या घड्यावर पाणी. तीन दिवसांनी पट्टी तितकीच लाल होती, आणि कागदावर कोणीतरी टरबुजाचा भाव लिहिला होता.

साल्किनला राग आला, फार राग आला. पण राग आला की तिचं डोकं थंड चालायचं, हा तिचा जुना गुण. चौथ्या दिवशी ती पुन्हा आपाच्या अंगणात जाऊन बसली, आणि या वेळी काही सांगायच्या ऐवजी तिने विचारलं.

"आपा, तुम्ही हे पाणी अंगणात का नाही ओतत?"

"येणारा-जाणारा तुडवेल. वेडी आहेस का?"

"मग कडेच्या चारीत?"

"कुत्री लोळतील. पांढरं आहे ते, साल्किन. म्हणून तर सिंकमध्ये ओततो. तिथून स्वच्छ जातं, कोणाचा पाय लागत नाही."

"जातं कुठे?"

आपाने मूर्खाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "सफरचंदांच्या बागेत. दुसरीकडे कुठे जाणार?"

साल्किनला एकदम आठवलं. पाइप टाकायला आलेल्या गड्यांसमोर ही म्हातारी काठी आडवी धरून बसली होती. स्वयंपाकघराचं पाणी आणि संडासाचं पाणी एका भिंतीतून बाहेर जाणार नाही, म्हणजे नाही. गड्यांनी हात टेकले. एक भोक पूर्वेच्या भिंतीला पाडलं, एक उत्तरेच्या. आपाचं बघून चाळीस घरांनी तसंच करून घेतलं. "हे वेगळं, ते वेगळं, आजी. हे बागेला जाईल," असं सांगून गडी गेले. आणि जमिनीखाली, बोळाच्या तोंडाशी, दोन्ही पाइप त्यांनी एकाच चेंबरमध्ये सोडले होते.

"आपा," साल्किन हळूच म्हणाली, "माझ्याबरोबर बोळापर्यंत चला."

"कशाला?"

"चला तर. आणि सुनेला सांगा, मी हाक मारली की एक बादली सिंकमध्ये ओत."

साल्किनने पहार घालून चेंबरचं झाकण सरकवलं. आपा नाकाला रुमाल लावून, काठीवर रेलून वाकली. खाली दोन तोंडं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडून जे यायचं ते येतच होतं. कोणीतरी शेजारी नुकतंच मोकळं झालं होतं. साल्किनने हाक मारली. घरात बादली ओतल्याचा आवाज आला. क्षणभर काही नाही. मग उजव्या तोंडातून पांढुरकं, हिरवट पाणी वाहत आलं, आणि डावीकडून आलेल्यात मिसळलं.

उमसुनाय आपाने स्वतःच्या गळ्याची कॉलर मुठीत धरली. "तोबा," ती म्हणाली. "तोबा, तोबा." आणि बोळात खाली मातीवरच बसली.

"किती दिवस असं चाललंय?"

"पाइप टाकल्यापासून, आपा."

"सहा वर्षं. सहा वर्षं मी पांढरं संडासात ओततेय." तिचे डोळे भरून आले. "माझ्या सासूने मला एक थेंब सांडला म्हणून काठीने मारलं होतं गं."

साल्किनला वाईट वाटलं. हिला दुखवायला ती आली नव्हती. ती शेजारी बसली, झाकण उघडंच, आणि दोघी तिथे बराच वेळ तशाच बसून राहिल्या. एक सायकलवाला गेला, तो बघत बघत भिंतीवर आदळला.

मग आपा काठी टेकून उठली. "झाकण लाव," ती म्हणाली. "आणि पहार मला दे."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपाने चाळीसच्या चाळीस घरं पालथी घातली. पहार एका सुनेच्या खांद्यावर, पुढे आपा. ज्या घरात विश्वास बसला नाही तिथे चेंबर उघडून दाखवला. ज्यांना वास सहन झाला नाही त्यांना म्हणाली, "आता नाक मुरडता? तुमच्या हातांनीच ओतलंय ना!" साल्किन मागे मागे होती, पण तिला तोंड उघडावंच लागलं नाही. तिने महिनाभर जे सांगितलं असतं ते गावाने एका दिवसात ऐकलं. टाकी मरते म्हणून कोणी ऐकलं नव्हतं. पांढरं बाटतंय म्हटल्यावर सगळ्या बायकांच्या अंगावर काटा आला. आता ते पाणी कॅनमध्ये साठवायचं आणि रोज सकाळी कुबातने ट्रकवर घालून वरच्या कुरणातल्या वासरांना नेऊन पाजायचं, असं ठरलं. कुबात हा गावाचा एकुलता एक ट्रकवाला. त्याला विचारलं नव्हतं.

पट्टी पिवळी झाली. पण मेलेलं विरजण आपोआप जिवंत होत नाही. साल्किनने पाण्यात चुना सोडला. मग ती शहराच्या मोठ्या प्लांटवर जाऊन तिथल्या मुख्य माणसासमोर बसली आणि त्याने हो म्हणेपर्यंत उठली नाही. तिथला चांगला, जिवंत गाळ मिळणार होता. आणायचा कशात, हा प्रश्न होता. साल्किनच्या गोठ्यात डेअरीचे तीस ॲल्युमिनियमचे कॅन पडून होते. डेअरी मोडीत निघाली तेव्हा पगाराऐवजी मिळालेले.

कुबातने कॅन बघून चाकालाच पाठ लावली. "दुधाच्या कॅनमध्ये ते? एजे, मला पोरंबाळं आहेत. मी हे पाप करणार नाही."

"पंचवीस वर्षांत त्यांनी दूध बघितलेलं नाही."

"बघितलं होतं ना पण!"

वाद ऐकून आपा आली. सगळ्यांना वाटलं, आता ही साल्किनला धरणार. आपाने एका कॅनचं झाकण काढून आत बघितलं, मग कुबातकडे बघितलं. "यांना काळा पट्टा मार," ती म्हणाली, "म्हणजे परत कोणी दूध घालणार नाही. आणि ट्रक चालू कर. तुझ्या चक्क्याच्या कॅनना मात्र यांच्या शेजारी ठेवलंस तर बघ."

कुबातने पाच खेपा केल्या. साल्किन प्रत्येक खेपेला ट्रकच्या मागे कॅन धरून बसली, कारण खड्ड्यात झाकणं उडत होती. आठव्या दिवशी टाकीवरचा फेस फुटायला लागला. बाराव्या दिवशी बरणीतला गाळ अर्ध्यापर्यंत बसला. अर्ध्यापर्यंतच. वीस तारीख उद्यावर आली होती.

वीसला सकाळी ती प्लांटवर पोहोचली तर पाणी नदीत सोडायच्या चारीशी कुबातचा पाण्याचा टँकर उभा, आणि नळी चारीत सोडलेली. शेजारी जेनिशबेक, इस्त्रीचा शर्ट घालून.

"झऱ्याचं पाणी आहे, एजे," तो घाईने म्हणाला. "थोडं मिसळू. ती बाई नमुना घेईपर्यंत. दोन मिनिटांचं काम, कोणाला कळणार आहे?"

साल्किनने नळीवर पाय ठेवला.

"नळी काढ, कुबात."

"एजे, गाळ अजून अर्ध्यावर आहे," जेनिशबेक म्हणाला, "तुम्हीच म्हणालात काल. नापास झालो तर?"

"तर नापास होऊ. आज तुझ्या टँकरने पास होऊ, उद्या खालच्या लोकांना काय पाजशील? रोज टँकर रिकामा करणार आहेस नदीत?"

"मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"माझं दाखव," साल्किन म्हणाली. "लोकांना त्याची सवय आहे."

कुबातने एकदा सरपंचाकडे बघितलं, एकदा नळीवरच्या त्या चिखलाच्या बुटाकडे बघितलं, आणि नळी गुंडाळायला घेतली. जेनिशबेक रागारागाने गाडीत जाऊन बसला, पण गेला नाही. अकरा वाजता जिल्ह्याची बाई आली. तिने चारीतून दोन बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, पेटीत बर्फावर ठेवल्या. साल्किनने तिला सगळं सांगितलं, चक्क्याचं, चुन्याचं, आणलेल्या गाळाचं. टाकी अजून पूर्ण बरी नाही, हेही सांगितलं. बाईने मान हलवली. "पाच दिवसांनी कळवते," एवढंच म्हणाली.

ते पाच दिवस साल्किन नीट जेवली नाही. शामशीने न सांगता मटणाचा रस्सा केला, तो तिने त्यालाच खायला लावला. सकाळी बरणी, दुपारी बरणी, संध्याकाळी बरणी.

पाचव्या दिवशी जेनिशबेक धावत आला. टेकडी चढून धापा टाकत, शर्ट बाहेर आलेला. "पास! एजे, पास! घाणीची मर्यादा तीसची, आपलं सव्वीस!"

"सव्वीस म्हणजे फार आहे," साल्किन म्हणाली. "पंधराच्या आत यायला हवं."

त्याने हात जोडल्यासारखं केलं, हसला, आणि एवढी मोठी बातमी सांगायला गावात परत धावला. ती एकटी उरल्यावर साल्किन बाकावर बसली. तिने फोन काढला.

"सेयिल, पास झालं. आता नदीचं पाणी वापर. झऱ्याची फेरी बंद कर."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, एजे." सेयिलचा आवाज अपराध्यासारखा झाला. "झऱ्यावर मी गेलेच नाही."

"म्हणजे?"

"केवढी चढण आहे ती. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी नदीचंच आणत होते."

"दीड महिना? अगं, मी तुला दोनदा बजावलं होतं! दोन नमुने नापास झाले होते! नातवंडंसुद्धा..."

"सांगितलं होतंस," सेयिल म्हणाली. "पण मी म्हटलं, वर तू आहेस ना."

साल्किन बाकावरून उठून उभी राहिली. मग ती इतक्या जोरात ओरडली की टाकीच्या कठड्यावरचे कावळे उडाले.

"उकळून पी! मी असले तरी उकळून पी, गाढवे! पोरांनाही उकळून दे!"

"बरं," सेयिल म्हणाली.

"बरं नाही! शपथ घे!"

"शपथ, एजे."

तिने फोन ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडली, तेवीस वर्षांत रडली नव्हती तशी. मग रुमालाने डोळे पुसले, टाकीकडे गेली आणि हवा थोडी वाढवली. सव्वीस फार होतं.